पाच चाव्यांचं क्लॅरिनेट

रायगडच्या किनाऱ्यावर क्लॅरिनेट म्हटलं की बँड. थळ, वरसोली, आक्षी, रेवदंडा या पट्ट्यात हळदीच्या रात्री ट्रम्पेट आणि युफोनियम रस्ता दणाणून सोडतात. पण गाण्याची ओळ, तीही गळ्याच्या वळणांसकट, उचलतो तो क्लॅरिनेटवाला. याच वाद्यासाठी आणि चार तंतुवाद्यांसाठी मोझार्टने १७८९ साली एक क्विंटेट लिहिलं. तेव्हा इकडे कुलाब्याला राघोजी आंग्र्यांचा अंमल होता. युरोपच्या छोट्या मैफलीच्या संगीतात, म्हणजे चार-पाच जणांनी एकमेकांकडे पाहत वाजवायच्या संगीतात, या रचनेइतकी लाडकी दुसरी क्वचितच असेल. गंमत अशी की ज्या क्लॅरिनेटसाठी ती लिहिली, तसं वाद्य आज शिल्लक नाही आणि मोझार्टच्या हातचं हस्तलिखितही नाही.

तरीही गेल्या पन्नासेक वर्षांत अनेक वादकांनी ही रचना ‘त्या काळच्या वाद्यांवर’ वाजवण्याचा ध्यास घेतला. क्लॅरिनेट पिवळसर बॉक्सवूडचं, व्हायोलिनला पोलादाऐवजी आतड्याच्या तारा, धनुष्य जुन्या घाटाचं, सूर थोडा उतरलेला. हा अट्टाहास कशासाठी, त्यातून काय हाती लागलं आणि कुठे नुसतीच हौस झाली, हे पाहण्याइतका काळ आता मध्ये गेला आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ‘असंच वाजत होतं’ हा दावा कच्चा आहे. पण त्या वाद्यांवर ऐकल्यावर रचनेतल्या काही गोष्टींचा अर्थ प्रथमच लागतो, हे खरं आहे.

आधी वाद्य समजून घेऊ. क्लॅरिनेटचा जन्म १७००च्या आसपास न्यूरेंबर्गमध्ये झाला, योहान क्रिस्टॉफ डेनर या कारागिराच्या हातून. १७४० साली पोर्तुगीजांनी चौल-रेवदंडा सोडलं तेव्हा हे वाद्य युरोपातसुद्धा नवखंच होतं. त्यामुळे रेवदंड्याच्या सातखणी मनोऱ्याखालच्या चर्चमध्ये जे काही युरोपीय संगीत घुमलं असेल, त्यात क्लॅरिनेट नव्हतं. आत हवेची सरळ नळी आणि तोंडाशी बोरूची एक पातळ पट्टी, रीड, एवढाच मामला. पण त्या सरळ नळीची एक खोड आहे. बासरीत जोराने फुंकलं की सा चा वरचा सा मिळतो. क्लॅरिनेट एका टोकाला बंद नळीसारखं वागतं, त्यामुळे ते त्या सा वर थांबत नाही, उडी मारून थेट त्याच्याही पुढच्या पंचमावर जातं. मधली सगळी जागा भोकं आणि चाव्या लावून भरून काढावी लागते. म्हणून क्लॅरिनेटला तीन वेगवेगळे आवाज असतात: खालचा गडद, वरचा झळाळता, आणि मध्ये गळ्याशी अडकल्यासारखे चार-दोन फिके स्वर.

मोझार्टच्या काळी या वाद्याला साधारण पाच चाव्या असत. उरलेले स्वर काढायचे तर मधलं एखादं भोक उघडं ठेवून त्याच्या खालची झाकायची. असा काढलेला स्वर शेजाऱ्यापेक्षा मंद, थोडा झाकोळलेला निघतो. म्हणजे सप्तकातला प्रत्येक स्वर वेगळ्या तोंडवळ्याचा. पुढे चाव्या वाढत गेल्या त्या हा असमानपणा घालवण्यासाठी. क्लॅरिनेटवादक इवान म्यूलरने तेरा चाव्यांचं क्लॅरिनेट बनवलं आणि १८१२ साली ते पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीच्या समितीपुढे ठेवलं. एकाच वाद्यावर सगळे सूर वाजतील, वेगवेगळ्या सुरांची दोन-तीन क्लॅरिनेटं जवळ बाळगायला नकोत, हा त्याचा दावा. समितीने ते नाकारलं. कारण वाचण्यासारखं आहे: प्रत्येक सुराच्या क्लॅरिनेटचा स्वतःचा रंग असतो, सगळ्यांऐवजी एकच वाद्य आलं तर रचनाकाराच्या हातून ते रंग जातील. इतिहासाने समितीचं ऐकलं नाही. १८३९ ते १८४४ या काळात वादक क्लोझे आणि कारागीर ब्युफे यांनी आजचं बोएम पद्धतीचं क्लॅरिनेट सिद्ध केलं आणि सगळे स्वर एका ओळीत आणून बसवले. समितीतली मंडळी जुनाट होती असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते त्यांचे कान शाबूत होते.

हे क्विंटेटमध्ये कसं ऐकू येतं? पहिल्या भागात तंतुवाद्यं शांतपणे सुरुवात करतात आणि क्लॅरिनेट स्वरांची माळ घेऊन त्यांच्यात शिरतं. पुढे व्हायोलिन एक प्रसन्न सुरावट मांडतं, तीच क्लॅरिनेट कोमल स्वरांत, मायनरमध्ये, घेऊन उत्तर देतं. आधुनिक वाद्यावर ही जागा सुंदर वाजते, पण दु:ख वादकाला श्वासातून आणि ओठांतून आणावं लागतं. पाच चाव्यांच्या क्लॅरिनेटवर त्या मायनरमधले काही स्वर अडवून धरलेल्या बोटांनीच काढावे लागतात. ते आपोआप झाकोळतात. रंग वाद्यातच आहे, वादकाने फक्त त्याच्या आड येऊ नये. मोझार्टने हे जाणून केलं की हाताला सवयीने आलं, हे कोण सांगणार. पण त्याला हे वाद्य आतून ठाऊक होतं. १७७८ साली मॅनहाइमहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात क्लॅरिनेटबद्दलची त्याची असोशी दिसते.

तंतुवाद्यांचं प्रकरण तर आपल्याला जास्त जवळचं. सारंगीच्या तीन मुख्य तारा तातीच्या, म्हणजे बकऱ्याच्या आतड्याच्या असतात. तरफा तेवढ्या धातूच्या. तातीचा आवाज पोलादापेक्षा लहान, पण त्याला एक खरखर असते, शब्दाच्या आधीच्या श्वासासारखी. पंडित राम नारायण मुंबईत बसून आयुष्यभर जे वाजवत राहिले त्यात ती आहेच. मोझार्टच्या काळी व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांच्या तारा तशाच आतड्याच्या. सर्वांत खालच्या तारेवर तेवढी धातूची गुंडाळी. हनुवटी टेकवायची पट्टी नव्हती, ती १८२०च्या सुमारास व्हायोलिनवादक श्पोरने आणली. चेलोला खालचा खिळा नव्हता, तो पोटऱ्यांमध्ये धरायचा. स्वरावर अखंड कंप देण्याची आजची सवयही तेव्हा सर्वमान्य नव्हती. मोझार्टच्या वडिलांनी, लिओपोल्डने, १७५६च्या व्हायोलिनच्या ग्रंथात प्रत्येक स्वर थरथरवणाऱ्यांची टिंगल केली आहे.

आता क्विंटेटचा दुसरा भाग, लार्गेटो, घ्या. मोझार्टने तिथे तंतुवाद्यांवर म्यूट चढवायला सांगितला आहे. आवाज दबतो आणि क्लॅरिनेट एकटं गातं. पोलादी तारांवर म्यूट चढला की आवाज गुळगुळीत होतो आणि त्यावर मोठ्या आवाजाचं काळ्या लाकडाचं क्लॅरिनेट सहज तरंगतं, एखाद्या कन्चेर्टोसारखं. तातीवर म्यूट चढला की आवाज जवळजवळ कुजबुजीवर येतो, आणि बॉक्सवूडचं क्लॅरिनेट त्याच्यापेक्षा फार मोठं नसतंच. पाचही जण एकाच उंचीवर बसतात. आणि मिन्युएटच्या पहिल्या ट्रिओत क्लॅरिनेट चक्क गप्प बसतं, नुसती तंतुवाद्यं वाजतात. आधुनिक मैफलीत ते मुख्य कलाकाराचं विश्रांतीस्थान वाटतं. जुन्या वाद्यांवर कळतं की इथे मुख्य कलाकार असा कोणी नाहीच. एक माणूस बोलायचं थांबला, एवढंच.

या सगळ्याहून सुरस आहे ती वाद्य हरवण्याची हकिगत. क्विंटेट लिहिलं गेलं आंटोन श्टाडलरसाठी. तो व्हिएन्नाच्या दरबारी वाद्यवृंदातला क्लॅरिनेटवाला, मोझार्टचा मित्र आणि ऋणको. मोझार्ट गेला तेव्हा श्टाडलरकडे पाचशे गुल्डन येणं बाकी होतं. क्विंटेटच्या आधी, १७८६च्या ऑगस्टमध्ये, मोझार्टने क्लॅरिनेट, व्हिओला आणि पियानो यांची ‘केगलश्टाट’ ट्रायो लिहिली. यॉकीन कुटुंबातली फ्रान्झिस्का पियानोवर, श्टाडलर क्लॅरिनेटवर आणि स्वतः मोझार्ट व्हिओलावर, अशी घरगुती बैठक. १७८८ साली आर्टारिया या प्रकाशकाने ती छापली तेव्हा वरची ओळ व्हायोलिनच्या नावे टाकली आणि क्लॅरिनेट पर्याय म्हणून ठेवलं. क्लॅरिनेटवाले गिऱ्हाईक किती मिळणार, असा सरळ व्यापारी हिशेब.

श्टाडलरला वाद्याचा खालचा, गडद भाग आवडायचा. थिओडोर लोट्झ या कारागिराने त्याच्यासाठी लांबट क्लॅरिनेट बनवलं. ते नेहमीच्यापेक्षा खाली जायचं: पेटीवर मोजायचं तर काळ्या-पांढऱ्या मिळून चार पट्ट्या खाली. फेब्रुवारी १७८८मध्ये त्याने ते व्हिएन्नाच्या दरबारी रंगमंदिरात जाहीरपणे वाजवलं. त्याच रंगमंदिरात २२ डिसेंबर १७८९ला क्विंटेटचा पहिला प्रयोग झाला. १७९१च्या ऑक्टोबरात, मृत्यूच्या दोन महिने आधी, मोझार्टने श्टाडलरसाठी क्लॅरिनेट कन्चेर्टो पूर्ण केला.

मग क्विंटेट आणि कन्चेर्टो, दोन्हींची हस्तलिखितं गडप झाली. मोझार्टची विधवा कॉन्स्टांझे हिने ३१ मे १८०० रोजी प्रकाशक आंद्रेला कळवलं की कागद श्टाडलरकडे असतील. तो म्हणतो जर्मनीत त्याची पेटी चोरीला गेली, तर इतर लोक म्हणतात त्याने ती त्र्याहत्तर डुकाटांना गहाण टाकली. प्रकाशकांनी १८०१-०२मध्ये दोन्ही रचना बाजारात आणल्या त्या नेहमीच्या क्लॅरिनेटला जमतील अशा करून. खालच्या चार पट्ट्यांतले स्वर उचलून वर नेले. कोणी नेले, ते छापलेलं नाही. १८०२ साली लाइपझिगच्या संगीत नियतकालिकात कन्चेर्टोचं परीक्षण आलं. मूळ ओळ खाली जात होती आणि ती बदलली आहे, असं परीक्षणकाराने उदाहरणांसह लिहिलं. ते वाचून कोणी काही केलं नाही. पुढची दीडशे वर्षं सगळं जग सुधारलेली आवृत्तीच वाजवत राहिलं. स्वर एका दिशेने खाली उतरत येतात आणि ऐन तळाशी पोचायच्या वेळी विनाकारण सप्तक ओलांडून वर उडतात, अशा जागा कित्येक पिढ्यांनी ऐकल्या आणि मोझार्टची लहर म्हणून सोडून दिल्या.

शंका पुन्हा जागी झाली ती १९४०च्या दशकात. इंग्लंडमध्ये जॉर्ज डेझलीने १९४८ साली मूळ ओळ कशी असावी याची मांडणी केली. चेकोस्लोव्हाकियात यिर्झी क्राटोखविल त्याच निष्कर्षाला आला आणि १९५१ साली प्रागमध्ये योसेफ यानोउशने खास बनवून घेतलेल्या लांब क्लॅरिनेटवर कन्चेर्टो वाजवला. त्या वाद्याला आज बासेट क्लॅरिनेट म्हणतात. मोझार्टच्या हातचा एक अपुरा आराखडाही आहे, कन्चेर्टोच्या पहिल्या भागाचा, बासेट हॉर्न या क्लॅरिनेटच्याच जातीच्या वाद्यासाठी लिहिलेला, १९९ मापांचा. क्विंटेटसाठी एवढाही पुरावा नाही. तिथे वादक आणि संपादक त्या अकारण उड्यांवरून माग काढतात.

वाद्याचं रूप मात्र कोणालाच ठाऊक नव्हतं. सरळ नळी कल्पून वाद्यं बनली. मग १९९२ साली अमेरिकन संशोधक पामेला पूलिन यांना रीगा शहरात श्टाडलरच्या १७९४च्या मैफलींच्या पत्रिका सापडल्या, आणि त्यावर त्याच्या वाद्याचं चित्र! लांब नळी, खालच्या टोकाला काटकोनात वळलेलं गोलसर फुगीर तोंड. चाळीस वर्षं ‘अस्सल’ म्हणून वाजत आलेली वाद्यं एका चित्राने अंदाजाच्या रांगेत जाऊन बसली. जुन्या वाद्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट रोज सकाळी आठवावी.

ध्वनिमुद्रणांकडे वळू, कारण आपल्यापैकी बहुतेकांना हे संगीत तिथूनच भेटतं. जुन्या वाद्यांची चळवळ तशी जुनी. आर्नोल्ड डॉल्मेचने १९२५ साली हॅसलमिअरचा महोत्सव सुरू केला, निकोलाउस हार्नोनकोर्टने १९५३ साली व्हिएन्नात आपला वाद्यवृंद उभा केला. पण त्यांचा भर बाख आणि त्याच्या आधीच्या काळावर. मोझार्टचं क्लॅरिनेट त्यात उशिरा आलं. एक कारण असं की आजचं वाद्य आणि तेव्हाचं वाद्य दिसायला सारखंच, मग वेगळं शिकायचं कशाला? दुसरं म्हणजे बोटं नव्याने बसवायला लागतात, आणि तिशी-चाळिशीतला नाणावलेला वादक तो धोका सहसा घेत नाही.

हान्स डाइन्झरने कोलेगियम आउरेउम या वाद्यवृंदाबरोबर १९७३ साली कन्चेर्टो मुद्रित केला. मग १९८०च्या दशकात रांग लागली: अँटनी पे, एरिक होपरिक, अॅलन हॅकर. हॅकरचं वेगळं सांगायला हवं. १९६६ साली कण्याच्या आजाराने त्याचे पाय गेले. चाकाच्या खुर्चीवर बसून त्याने पुढची चार दशकं आधुनिक संगीत आणि जुनी वाद्यं दोन्ही वाजवली. सॅलोमन क्वार्टेटबरोबरचं त्याचं क्विंटेट ऐकताना काही ठिकाणी सुरेलपणा डळमळतो, पण तो पुन्हा आलेली ओळ कधीच तशीच वाजवत नाही, दर वेळी थोडी नवी जागा घेतो. आपल्या कानाला ते लगेच पटतं. बंदिशीचा मुखडा दर आवर्तनात तसाच आला तर आपण गवयाला काय म्हणू? युरोपीय शिस्तीत वाढलेल्यांना हेच खटकलं. होपरिक वादक आणि वाद्यकारागीरही. लंडन हायडन क्वार्टेटबरोबरचं त्याचं क्विंटेट मला सर्वांत समतोल वाटतं. वोल्फगांग मेयर आणि मोझाइक क्वार्टेटचं १९९०च्या दशकातलं मुद्रण गोड आहे, कदाचित जरा जास्तच. तिथे तातीच्या तारा असूनही आधुनिक गुळगुळीतपणा डोकावतो.

बाकीच्या रचना थोडक्यात उरकतो, कारण त्यांत वादाला एवढं खाद्य नाही. कार्ल श्टामिट्झची क्वार्टेटं १७७३ची, हलकीफुलकी. बीथोव्हेनची अकरावी कृती, क्लॅरिनेट-चेलो-पियानो ट्रायो, जुन्या पियानोवर ऐकली तर चेलो पहिल्यांदा ऐकू येतो. हुमेलचं १८०८चं क्वार्टेट दुर्लक्षित आहे, तसं ते असू नये. फिनलंडचा बर्नहार्ड क्रूसेल स्वतः उत्तम वादक. त्याची तीन क्वार्टेटं ड्रेस्डेनच्या ग्रेन्झरच्या वाद्यांसाठी लिहिलेली, आणि त्यात चाव्या वाढत गेल्याच्या खुणा स्पष्ट दिसतात. वेबरचं १८१५चं क्विंटेट नावाला क्विंटेट. हाइनरिख बेअरमनला दहा चाव्यांच्या वाद्यावर करामती दाखवता याव्यात म्हणून तंतुवाद्यांना हुजरेगिरीला बसवलं आहे. मोझार्टनंतर पंचवीस वर्षांत पाच जणांची बैठक मोडून एकाचा तमाशा झाला होता. पुढे १८९१ साली ब्राम्सने रिखार्ड म्यूलफेल्टसाठी क्विंटेट लिहिलं; तेव्हा काळं लाकूड रूढ झालेलं असूनही म्यूलफेल्ट बॉक्सवूडच वाजवत होता.

विरोधकांची बाजूही कमी नाही. जर्मन विचारवंत अडोर्नोने १९५१ सालीच बाखभक्तांना झोडपलं होतं: जुनी वाद्यं जमवून तुम्ही बाखला वस्तुसंग्रहालयात कोंडता आहात. अमेरिकन संगीतज्ञ रिचर्ड टॅरुस्किन यांचा मुद्दा अधिक बोचरा. १९९५च्या त्यांच्या लेखसंग्रहाचा सूर असा की जुन्या वाद्यांचं हे वादन खरं तर विसाव्या शतकाचीच आवड आहे: चपळ, कोरडं, भावनेपासून चार हात लांब. आपल्याला हवं ते इतिहासाच्या सहीशिक्क्याने आणायचं. मला हे बरंचसं पटतं. श्टाडलरच्या काळी काही देशांत रीड वरच्या ओठाला लावून वाजवत, इटलीत तर एकोणिसाव्या शतकातही. आजचे किती ‘अस्सल’वाले ते करतात? तात लावायची, ४३० कंपनांवर सूर उतरवायचा, म्हणजे आजच्या ४४०पेक्षा पेटीच्या अर्ध्या पट्टीहून थोडं कमी. आणि मग दोन हजार खुर्च्यांच्या सभागृहात वाजवायचं, किंवा मुद्रणात चुका कापून काढायच्या. व्हिएन्नातल्या यॉकीनांच्या दिवाणखान्यात चुका कापणारं कोणी नव्हतं.

पण हा सगळा वाद मराठी रसिकाला परका नाही. आपण तो नाट्यसंगीतात जगलो आहोत. गंधर्व नाटक मंडळीच्या वैभवाच्या काळात साथीला कादरबक्षांची सारंगी, थिरकवांसाहेबांचा तबला आणि हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन असे. पायाने भाता मारायचा तो विलायती ऑर्गन. त्याचा भरलेला, लांबणारा सूर नसला की बालगंधर्वांची पदं उघडी वाटतात, अशी तक्रार आजही मध्यंतरात ऐकू येते. परदेशी कारखान्यांनी ते ऑर्गन बनवणं केव्हाच सोडलं. तरी पदांच्या कार्यक्रमाला कोणीतरी टेम्पोत घालून जुना ऑर्गन आणतो आणि सिंथेसायझरवर तो आवाज निघतो म्हणणाऱ्याला वेड्यात काढतो. हीच ती जुन्या वाद्यांची चळवळ, फक्त आपण तिच्यावर ग्रंथ लिहिले नाहीत. आणि इथेही ‘अस्सल’ म्हणजे नेमकं कधीचं, हा प्रश्न उरतोच. किर्लोस्करांचं ‘सौभद्र’ १८८२चं. ऑर्गन त्याला नंतर चिकटला.

बँडवाल्यांकडे परत गेलं पाहिजे. भारतात बनणारी बरीचशी क्लॅरिनेटं अजून साध्या, ज्याला अल्बर्ट म्हणतात त्या पद्धतीची असतात. ब्रसेल्सच्या अल्बर्टच्या नावाची, बोएमच्या आधीच्या घराण्यातली. भोकं उघडी, बोटांखाली कडी कमी. त्यामुळे बोट हळूच सरकवून मींड घेता येते आणि दक्षिणेत ए. के. सी. नटराजन किंवा रायचूरचे नरसिंहलू वडवाटी यांच्यासारख्यांनी या वाद्यावर राग उभे केले. प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा नसणं हा त्यात दोष समजला गेला नाही. व्हिएन्नात जे जुनं म्हणून खणून काढावं लागलं, त्याचा दूरचा चुलतभाऊ आपल्या वरातींत कधी बंदच पडला नाही. म्हणून मला वाटतं, पाच चाव्यांच्या क्लॅरिनेटचा ओबडधोबडपणा ऐकून लंडनचा श्रोता जितका बिचकतो तितका अलिबागचा बिचकणार नाही.

मुंबईत पाश्चात्त्य संगीताची परंपरा जुनी आहे. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभं केलं. गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फा आणि व्हायोलिन शिकून आलेल्या वादकांनी तिथल्या खुर्च्या भरल्या. २००६ पासून राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. हे सगळं आधुनिक वाद्यांवर, आणि त्यात गैर काही नाही. ज्या शहरात चांगला व्हिओलावाला मिळणं हीच अडचण होती, तिथे तातीचा हट्ट कोण धरणार.

शिवाय हवा. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर बॉक्सवूड ओल धरतं आणि वाकतं. काळं लाकूड आणि एबोनाइट जगभर पसरण्यामागे हेही एक कारण. तात फुगते, सूर घसरतो, तुटते. सारंगिये हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आले आहेत, पण त्यांना सूर लावायला वेळ देण्याची आपल्या बैठकीत रीत आहे. पाश्चात्त्य मैफलीत दोन भागांच्या मध्ये सूर लावत बसलं की श्रोते खोकायला लागतात.

तरीसुद्धा मांडव्याच्या बोटीने शनिवारी येणाऱ्यांनी अलिबाग, चौल, नागावच्या वाड्यांत एवढे बंगले बांधले आहेत, की एखाद्या दिवाणखान्यात हा प्रयोग सहज व्हावा. चाळीस माणसं मावतील अशी खोली, जमीन लाकडी किंवा शहाबादी, जाड पडदे नकोत, वातानुकूलन बंद. दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीतले, हवा त्यातल्या त्यात कोरडी असते तेव्हाचे. रचना मात्र ‘केगलश्टाट’ नको. तिला मोझार्टच्या काळचा हलका पियानो लागतो, आणि घरातला पियानो ४४०वर असल्याने क्लॅरिनेटशी जुळत नाही. क्विंटेटला पट्ट्यांचं कोणतंच वाद्य लागत नाही. पाच माणसं, पाच खोकी, मांडव्याला बोटीतून उतरून तासाभरात पोचतात. वाद्यं दोन तास आधी त्याच खोलीत उघडून ठेवावीत आणि मैफलीची वेळ पत्रिकेवर ‘सातच्या सुमारास’ अशीच छापावी.